सामाजिक करार आणि संमतीचा प्रश्न : पटनी ते प्रौढ मताधिकार

प्रस्तावना

राज्यशास्त्राच्या पदवी वर्गात सामाजिक कराराचा सिद्धांत बहुधा एका तक्त्याच्या साहाय्याने शिकविला जातो. डाव्या बाजूस हॉब्ज, लॉक व रूसो ही तीन नावे आणि वरच्या ओळीत मानवी स्वभाव, निसर्गावस्था, कराराचे स्वरूप व सार्वभौमत्व हे चार मुद्दे. हॉब्जची निसर्गावस्था युद्धाची, लॉकची शांततेची पण असुरक्षित, रूसोची निरागस. पहिल्याचा करार निरंकुश सत्तेकडे जातो, दुसऱ्याचा मर्यादित शासनाकडे आणि तिसऱ्याचा सामूहिक ईहेकडे. हा तक्ता परीक्षेस सोयीचा आहे आणि तो चुकीचाही नाही. मात्र त्यात एक रकाना नसतो. करार करणारे लोक नेमके कोण होते, आणि कराराच्या बाहेर कोणास ठेवण्यात आले, हा तो रकाना होय.

हा रकाना भरू लागले म्हणजे सिद्धांताचे रूप पालटते. तीन विचारवंतांनी एकाच प्रश्नास दिलेली तीन उत्तरे, असे त्याचे स्वरूप राहत नाही. सुमारे तीन शतके चाललेल्या एका वादाचा तो इतिहास ठरतो, आणि त्या वादाचा विषय संमती हा आहे : शासन संमतीवर उभे असते असे एकदा मान्य केले, की कोणाची संमती हा प्रश्न टाळता येत नाही. या सिद्धांताच्या बहुतेक प्रवर्तकांनी तो टाळला. ज्यांनी टाळला नाही त्यांची नावे पाठ्यपुस्तकांत क्वचितच येतात.

पटनी, १६४७

हॉब्जचा 'लेव्हायथन' प्रसिद्ध होण्यापूर्वी चार वर्षे, १६४७ च्या ऑक्टोबर अखेरीस, लंडनजवळ थेम्स नदीकाठच्या पटनी या गावी पार्लमेंटच्या विजयी सैन्याचे सल्लामंडळ भरले. पहिली बैठक तेथील सेंट मेरी चर्चमध्ये झाली. राजा पहिला चार्ल्स पराभूत होऊन नजरकैदेत होता. पुढील राज्यव्यवस्था कशी असावी हे ठरवायचे होते. सभेचे संचालन ऑलिव्हर क्रॉमवेल करीत होता, आणि सभेपुढे 'लोकांचा करारनामा' या नावाचा एक मसुदा होता. लेव्हलर्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लोकशाहीवादी गटाने आणि सैनिकांनी निवडलेल्या प्रतिनिधींनी तो पुढे आणला होता. करार ही येथे तत्त्वज्ञाची कल्पना नव्हती. इंग्लंडमधील लोकांनी त्यावर खरोखर सह्या कराव्यात अशी अपेक्षा होती.

२९ ऑक्टोबर रोजी चर्चा मताधिकाराशी येऊन थांबली. १४३० च्या कायद्यानुसार परगण्यांत वार्षिक ४० शिलिंग उत्पन्नाची स्वमालकीची जमीन असणाऱ्या पुरुषासच पार्लमेंटचा प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार होता. कर्नल थॉमस रेन्सबरो याने प्रतिपादन केले की, इंग्लंडमधील अत्यंत गरीब माणसासही श्रीमंतांतील श्रीमंताप्रमाणेच आपले आयुष्य जगावयाचे असते. म्हणून ज्या शासनाखाली राहायचे त्याच्या अधीन होण्यापूर्वी त्याची स्वतःची संमती घेतली गेली पाहिजे, आणि ज्यास मत देता आले नाही तो त्या शासनास काटेकोर अर्थाने बांधील नाही. सामाजिक कराराचा सिद्धांत त्याच्या तर्कशुद्ध शेवटापर्यंत नेला तर काय निष्पन्न होते, हे इतक्या थोडक्यात पुढे क्वचितच कोणी सांगितले असेल.

त्यास उत्तर दिले ते क्रॉमवेलचा जावई हेन्री आयर्टन याने. आयर्टन हा मूर्ख अथवा केवळ स्वार्थी मनुष्य नव्हता. त्या दिवशीच्या चर्चेतील सर्वांत तीक्ष्ण बुद्धी त्याचीच होती. त्याचे म्हणणे असे की, देशात ज्याचे कायमचे हितसंबंध गुंतलेले आहेत, म्हणजे ज्याची जमीन आहे किंवा जो व्यापारी संघटनेचा सभासद आहे, त्यानेच देशाचे कायदे ठरवावेत. केवळ श्वास घेतो म्हणून मनुष्यास निसर्गतः मत मिळते असे म्हटले, तर त्याच निसर्गन्यायाने दुसऱ्याच्या अन्नावर आणि जमिनीवरही त्यास हक्क सांगता येईल. मग मालमत्ता उरेल कशी? एडवर्ड सेक्सबी या सैनिक प्रतिनिधीने यावर जे विचारले ते तर्कापेक्षा वेदनेचे होते. सैनिकांनी प्राण पणास लावले ते आपल्या जन्मसिद्ध हक्कासाठी; त्यांच्यापैकी बहुतेकांजवळ मालमत्ता नव्हतीच. मालमत्ता नसेल तर हक्कही नाही असे असेल, तर ते इतके दिवस कोणासाठी लढले?

परंतु लेव्हलर्सही सर्वांसाठी बोलत होते असे समजणे चूक ठरेल. मॅक्सिमिलियन पेटी याने चर्चेत मान्य केले की नोकर, शिकाऊ उमेदवार आणि भिक्षेवर जगणारे यांना वगळता येईल, कारण ते दुसऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असतात. स्त्रियांचा तर कोणी उल्लेखही केला नाही. १६४९ मध्ये लेव्हलर पक्षाच्या स्त्रिया आपल्या नेत्यांच्या सुटकेसाठी अर्ज घेऊन पार्लमेंटकडे गेल्या, तेव्हा त्यांना घरी जाऊन आपली कामे पाहण्यास सांगण्यात आले.

पटनीचा शेवट लवकर झाला. ११ नोव्हेंबर रोजी राजा हॅम्प्टन कोर्टमधून निसटला, १५ नोव्हेंबर रोजी वेअरजवळ करारनामा टोप्यांत खोवून उभ्या राहिलेल्या सैनिकांचे बंड मोडण्यात आले आणि रिचर्ड अर्नोल्ड या सैनिकास गोळी घालण्यात आली. रेन्सबरो पुढील वर्षी मारला गेला. या चर्चेची विल्यम क्लार्क याने घेतलेली टिपणे ऑक्सफर्डच्या वुस्टर महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पडून राहिली आणि सी. एच. फर्थ यांनी ती १८९१ मध्ये प्रथम प्रकाशात आणली. म्हणजेच लॉक, ह्यूम, रूसो व कान्ट यांपैकी कोणासही ती वाचावयास मिळाली नाहीत. राजकीय तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमात पटनीस स्थान नाही, यामागे काही अंशी हा अपघात आहे. परंतु १८९१ नंतर शंभराहून अधिक वर्षे लोटली आहेत, आणि तेवढ्या काळात अपघाताचे कारण पुरे पडत नाही.

हॉब्ज : भीतीतून आलेली संमती

३० जानेवारी १६४९ रोजी चार्ल्सचा शिरच्छेद झाला. नव्या प्रजासत्ताकाने जानेवारी १६५० मध्ये कायदा करून १८ वर्षे व त्यावरील सर्व पुरुषांना राजा व सरदारसभा यांविना स्थापन झालेल्या शासनाशी एकनिष्ठ राहण्याचे वचन लिहून देण्यास भाग पाडले. राजाशी पूर्वी शपथेने बांधलेल्या हजारो लोकांसमोर खरा नैतिक पेच उभा राहिला. तलवारीच्या बळावर आलेल्या सत्तेस दिलेले वचन बंधनकारक असते काय? त्या काळी या प्रश्नावर पुस्तिकांचा पाऊस पडला. पॅरिसमध्ये अकरा वर्षे परागंदा असलेल्या थॉमस हॉब्जने १६५१ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केलेला 'लेव्हायथन' हा ग्रंथ या वादाच्या पार्श्वभूमीवर वाचला, तर तो पाठ्यपुस्तकातील हॉब्जपेक्षा बराच वेगळा दिसतो.

हॉब्जच्या मते भीतीपोटी केलेला करारही वैध असतो. दरोडेखोरास जीव वाचविण्यासाठी खंडणी देण्याचे वचन दिले, तर कायदा त्यातून मुक्त करीत नाही तोवर ते पाळले पाहिजे. शासन स्थापन होते ते परस्परांच्या भीतीने, किंवा जिंकणाऱ्याच्या भीतीने. दोन्ही ठिकाणी भीतीच असल्याने दोहोंत मूलतः भेद नाही. आणि सार्वभौम स्वतः करारात पक्षकार नसल्याने त्याने करार मोडला असे म्हणताच येत नाही. यात एक विलक्षण समता आहे. हॉब्जच्या निसर्गावस्थेत सर्वांत दुबळा मनुष्यही सर्वांत बलवानास ठार मारू शकतो, म्हणून सर्व समान. इतकेच नव्हे, तर अपत्यावर प्रथम अधिकार पित्याचा नसून मातेचा, असेही तो म्हणतो. लेव्हलर्स जेथे अडखळले तेथे हॉब्ज अडखळत नाही. त्याच्या करारात सर्वांची संमती घेतली जाते. फक्त एकदा दिल्यावर ती कोणासच परत मागता येत नाही. स्वतःचा जीव वाचविण्याचा हक्क तेवढा प्रत्येकाजवळ उरतो. ग्रंथाच्या मुखचित्रात सार्वभौमाचे शरीर शेकडो माणसांचे बनलेले दाखविले आहे, आणि त्या सर्व माणसांची तोंडे सार्वभौमाकडे व पाठी वाचकाकडे आहेत.

कराराची कल्पना सत्तेच्या समर्थनार्थ वापरली जाणे नवीन नव्हते. भारतीय परंपरेत याचे एक अत्यंत सूचक उदाहरण आहे. दीघनिकायातील अग्गञ्ञसुत्तात लोकांनी एकत्र येऊन आपल्यातील एकास निवडल्याची आणि त्यास धान्याचा हिस्सा देऊ केल्याची कथा येते. लोकांनी संमत केलेला म्हणून तो महासम्मत. महाभारताच्या शांतिपर्वात लोक आधी आपसात नियम ठरवितात आणि मग मनूकडे जातात. मनू राजेपणाच्या पापास भितो आणि लोक त्यास कराचे आश्वासन देतात. पण कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मनूची हीच कथा हेरांच्या तोंडी घातलेली आहे. तीर्थक्षेत्री, सभांत, लोकांच्या जमावात दोन हेरांनी वाद घालावा, एकाने राजाविरुद्ध बोलावे व दुसऱ्याने ही कथा सांगून त्यास गप्प करावे, अशी ती सूचना आहे. कथा तीच, सांगणारा निराळा. लोकांनी सांगितली तर ती राजास त्याच्या कर्तव्याची आठवण करून देते, राजाच्या माणसाने सांगितली तर करदात्यास. पाश्चात्त्य करारवादाच्या वाचनातही हा भेद ध्यानात ठेवावा लागतो.

हॉब्जच्या सिद्धांताने राजनिष्ठ पक्ष मात्र संतुष्ट झाला नाही. जो सिद्धांत कोणत्याही यशस्वी सत्तेस वैध ठरवितो तो परागंदा राजपुत्राच्या काय कामाचा? १६८३ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने 'लेव्हायथन' जाहीरपणे जाळला.

लॉक : हमरस्त्यावरील प्रवासी

त्याच १६८३ मध्ये अल्जर्नन सिडनी यास राजद्रोहासाठी देहदंड झाला. खटल्यात दुसरा साक्षीदार मिळाला नाही, तेव्हा त्याच्या अप्रकाशित हस्तलिखितासच साक्षीदार मानण्यात आले. जॉन लॉक याच सुमारास हॉलंडला निघून गेला. त्याचे शासनविषयक दोन निबंध १६८९ च्या अखेरीस, मुखपृष्ठावर १६९० हे साल व लेखकाचे नाव नसताना प्रसिद्ध झाले, आणि आपण त्यांचे लेखक असल्याचे त्याने १७०४ मध्ये मृत्युपत्राच्या पुरवणीतच मान्य केले. हे निबंध १६८८ च्या क्रांतीच्या समर्थनार्थ लिहिले गेले असे अद्यापही अनेक ठिकाणी शिकविले जाते. पीटर लॅस्लेट यांनी १९६० मध्ये संपादित केलेल्या आवृत्तीत दाखविल्याप्रमाणे त्यांचे बहुतांश लेखन त्यापूर्वीचे, १६७९ ते १६८३ या काळातील आहे. ते यशस्वी क्रांतीचे मंडन नसून होऊ न शकलेल्या उठावाचे आवाहन होते. लेखकाने नाव का लपविले हे सिडनीच्या उदाहरणावरून समजते.

लॉकने करारास अटी घातल्या. शासन हा विश्वस्ताचा अधिकार असून विश्वासघात झाल्यास तो लोकांकडे परततो. परंतु संमतीच्या प्रश्नाशी येताच त्याची लेखणी सावध होते. पित्याची संमती पुत्रास बांधीत नाही, प्रत्येकाने स्वतः संमती दिली पाहिजे, असे तो निक्षून सांगतो. आणि मग बहुतेकांनी ती कधीच दिलेली नसते हे लक्षात आल्यावर मूक संमतीची कल्पना मांडतो. राज्यात ज्याची जमीन आहे त्याने संमती दिली, जो आठवडाभर मुक्कामास राहिला त्यानेही दिली, आणि जो केवळ हमरस्त्यावरून प्रवास करीत आहे त्यानेही दिली. संमतीची ही व्याख्या इतकी ऐसपैस आहे की तीतून सुटण्यासाठी देश सोडून जाण्यावाचून मार्ग उरत नाही. रेन्सबरोच्या मताप्रमाणे ज्यास मत नाही तो बांधील नाही. लॉकच्या मताप्रमाणे तो रस्त्यावरून चालला म्हणून बांधील आहे. एक मेंढवाडाच काय तो उरलेल्या उजाड गावाने मोठ्या परगण्याइतकेच प्रतिनिधी पार्लमेंटमध्ये पाठवावेत, यावर लॉकने टीका केली. पण प्रतिनिधी निवडण्याचा हक्क कोणास असावा हे त्याने कोठेही स्पष्ट सांगितले नाही.

याहून अवघड गोष्ट अशी की, मनुष्यमात्र जन्मतः स्वतंत्र असल्याचे लिहिणारा हा विचारवंत कॅरोलिना वसाहतीच्या मालकमंडळाचा चिटणीस होता, आणि त्या वसाहतीच्या १६६९ च्या मूलभूत संविधानात प्रत्येक स्वतंत्र नागरिकास त्याच्या निग्रो गुलामांवर निरपवाद सत्ता देणारे कलम होते. गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत लॉकने भाग घेतले होते. त्या संविधानाच्या लेखनात त्याचा वाटा किती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यास ते कलम ठाऊक नव्हते असे मात्र कोणी म्हणत नाही.

जिनिव्हा आणि ह्यूमचे जहाज

डेव्हिड ह्यूमने १७४८ मध्ये मूळ करारावर लिहिलेल्या निबंधात मूक संमतीच्या कल्पनेवर जो आघात केला त्यातून ती पूर्णपणे कधीच सावरली नाही. ज्यास परकी भाषा येत नाही, ज्याची उपजीविका रोजच्या मजुरीवर आहे, अशा गरीब शेतकऱ्यास देश सोडण्याचे स्वातंत्र्य आहे असे म्हणणे, म्हणजे झोपेत जहाजावर आणून ठेवलेल्या माणसास समुद्रात उडी घेण्याचे स्वातंत्र्य आहे म्हणून त्याने कप्तानाची सत्ता मान्य केली असे म्हणण्यासारखे आहे, असा त्याचा दृष्टांत आहे. ह्यूम स्वतः परंपरावादी होता आणि त्यास कराराच्या जागी सवय व उपयुक्तता यांवर आधारलेली आज्ञाधारकता हवी होती. तरीही त्याच्या हातून गरिबाची बाजू मांडली गेली.

रूसोकडे वळताना तो फ्रान्सचा विचारवंत नसून जिनिव्हाचा होता, हे प्रथम ध्यानात घ्यावे लागते. 'सामाजिक करार' हा त्याचा ग्रंथ एप्रिल १७६२ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये छापला गेला आणि मुखपृष्ठावर त्याने आपल्या नावापुढे 'जिनिव्हाचा नागरिक' असे अभिमानाने लिहिले. हे बिरूद सर्वांस मिळणारे नव्हते. त्या नगरराज्यात नागरिक, बुर्झ्वा, रहिवासी आणि तेथेच जन्मलेले परंतु हक्कविहीन असे 'नातिफ', असे स्तर होते. पहिल्या दोन स्तरांतील पुरुषांनाच सर्वसाधारण सभेत बसता येई. वीस हजारांहून अधिक वस्तीत असे पुरुष फार तर दीड हजार होते. पुन्हा या दीड हजारांची सभाही नावालाच उरली होती. खरी सत्ता काही घराण्यांच्या हातातील पंचवीस जणांच्या लहान मंडळाकडे होती. सार्वभौमत्व लोकांच्या सभेचे असून शासन हे केवळ तिने नेमलेले सेवक होत, हे रूसोचे वाक्यागणिक प्रतिपादन पॅरिसमध्ये अमूर्त वाटले असेल. जिनिव्हात ते थेट त्या लहान मंडळाविरुद्ध होते. १९ जून १७६२ रोजी त्या मंडळाने 'सामाजिक करार' व 'एमिल' या दोन्ही ग्रंथांचा निषेध करून ते जाळविले. पुढील वर्षी रूसोने नागरिकत्वाचा त्याग केला. त्याच्या ग्रंथाचा अर्थ सर्वांत आधी व सर्वांत अचूक जर कोणास कळला असेल, तर तो जाळणाऱ्यांना.

तथापि या ग्रंथाच्या पहिल्या भागात एक तळटीप आहे, जिच्याकडे वर्गात कोणाचे लक्ष जात नाही. नागरिक या शब्दाचा नेमका अर्थ फ्रेंच लेखकांना कळत नाही असे सांगून रूसो तीत म्हणतो की, जिनिव्हात माणसांचे चार, आणि परकीय धरल्यास पाच वर्ग आहेत व त्यांपैकी केवळ दोघांचेच मिळून प्रजासत्ताक बनते. हे तो तक्रार म्हणून सांगत नाही. व्याख्येची अचूकता म्हणून सांगतो. प्रत्येकजण स्वतःस सर्वांच्या स्वाधीन करतो म्हणून कोणाच्याच स्वाधीन होत नाही, या त्याच्या प्रसिद्ध सूत्रातील 'प्रत्येकजण' हा शब्द त्या तळटिपेजवळ ठेवून वाचला पाहिजे. नातिफ आपले हक्क मागू लागले तेव्हा १७७० मध्ये त्यांची चळवळ दडपण्यात आली, आणि रूसोच्या नावाने लढलेले नागरिक त्या वेळी त्यांच्या पाठीशी उभे राहिले नाहीत. स्त्रियांविषयी तर 'एमिल'च्या पाचव्या भागात त्याने जे लिहिले त्याचा समाचार मेरी वुलस्टनक्राफ्टने १७९२ मध्ये घेतला आहे.

इमॅन्युएल कान्टने १७९३ मध्ये ह्यूमच्या आक्षेपास जे उत्तर दिले ते प्रसिद्ध आहे : करार इतिहासात घडला किंवा नाही हे गौण आहे, तो बुद्धीची एक कसोटी आहे, ज्या कायद्यास सर्व लोक संमती देऊच शकणार नाहीत तो अन्यायी. परंतु त्याच निबंधात मताचा अधिकार स्वतःचा धनी असलेल्या पुरुषासच देताना तो एका तळटिपेत केशभूषाकारात गुंततो. दिलेल्या केसांचा टोप बनवून देणारा कारागीर आपली वस्तू विकतो म्हणून नागरिक, आणि केस कापणारा केवळ सेवा देतो म्हणून नाही, असा भेद केल्यावर ही सीमारेषा आखणे काहीसे कठीण आहे, हे त्याने प्रामाणिकपणे कबूल केले आहे. विसाव्या शतकात जॉन रॉल्स यांनी १९७१ मध्ये करार करणाऱ्यांवर अज्ञानाचा पडदा टाकला, जेणेकरून आपण टोप बनविणारे की केस कापणारे हे कोणासच ठाऊक नसावे. कॅरोल पेटमन यांनी १९८८ मध्ये आणि चार्ल्स मिल्स यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले की मूळ करारातून स्त्रिया व कृष्णवर्णीय विसरून वगळले गेले नव्हते. त्यांना वगळण्याचा एक वेगळाच करार आधी झालेला होता.

मुंबई इलाखा, १९१९ ते १९२९

फ्रेंच क्रांतीने १७९१ च्या संविधानात तीन दिवसांच्या मजुरीइतका कर देणाऱ्यास सक्रिय नागरिक व इतरांस निष्क्रिय ठरविले. आयर्टनचा युक्तिवाद असा पॅरिसला पोहोचला. त्याच वर्षी थॉमस पेनने 'राइट्स ऑफ मॅन'चा पहिला भाग प्रसिद्ध केला. करार राजा व प्रजा यांच्यातील नसून माणसांचा एकमेकांशी केलेला असतो, आणि कोणतीही पिढी पुढील पिढ्यांना बांधून ठेवू शकत नाही, ही त्यातील दोन मध्यवर्ती विधाने. जोतीराव फुले यांनी हा ग्रंथ १८४७ च्या सुमारास वाचल्याचे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. पेनने दुसरे विधान एडमंड बर्क याच्याविरुद्ध केले होते. ज्या समाजात माणसाचे स्थान त्याच्या जन्मापूर्वीच ग्रंथांनी ठरविलेले आहे, तेथे त्या विधानाचा अर्थ किती दूरवर जातो, हे १८७३ च्या 'गुलामगिरी'वरून दिसून येते.

संमती कोणाची, हा प्रश्न भारतात प्रत्यक्ष कायद्याच्या भाषेत उपस्थित झाला तो मताधिकार समित्यांपुढे. जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना सिडनहॅम महाविद्यालयातील तरुण प्राध्यापक डॉ. भीमराव आंबेडकर यांनी अस्पृश्यांसाठी मताधिकाराची अट शक्य तितकी खालची ठेवण्याची मागणी केली. मालमत्तेची अट कागदावर सर्वांस सारखीच दिसते. परंतु ज्यांना अस्पृश्यतेमुळे व्यापारच करता येत नाही त्यांच्याकडे मालमत्ता येणार कोठून? आयर्टनच्या युक्तिवादात मालमत्ता हा देशाशी असलेल्या नात्याचा पुरावा होता. येथे मालमत्तेचा अभाव हाच समाजाने लादलेल्या बहिष्काराचा पुरावा म्हणून पुढे ठेवला गेला.

दहा वर्षांनी, सायमन आयोगाशी सहकार्य करण्यासाठी नेमलेल्या मुंबई प्रांतिक समितीचे सदस्य म्हणून आंबेडकर यांनी १७ मे १९२९ रोजी स्वतंत्र अहवाल सादर केला आणि त्यात प्रौढ मताधिकार मागितला. निरक्षर मनुष्य म्हणजे अडाणी हे समीकरण त्यांनी तेथे फेटाळले आहे. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो त्यांचा दुसरा युक्तिवाद. मताधिकार म्हणजे सहजीवनाच्या अटी ठरविण्याचा अधिकार. तेव्हा ज्यांची सौदा करण्याची ताकद कमी आहे आणि म्हणून ज्यांच्यावर प्रतिकूल अटी लादल्या जाण्याचा धोका आहे, त्यांनाच तो प्रथम मिळाला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. अटी, सौदा, ताकद ही सारी भाषा कराराची आहे. मात्र करारवादाची नेहमीची दिशा येथे उलटलेली दिसते. आयर्टनपासून कान्टपर्यंत सर्वजण विचारीत होते की करारात भाग घेण्यास पात्र कोण, आणि पात्रतेचे माप स्वावलंबन हे होते. आंबेडकर यांनी दुर्बलता हेच माप मानले. पेटीने ज्यांना अवलंबून आहेत म्हणून वगळले होते, त्यांचा दावा अवलंबून आहेत म्हणूनच सर्वांत बळकट ठरतो. पटनीच्या सभेत रेन्सबरोनेही हे पाऊल उचलले नव्हते.

भारतीय संविधानाच्या ३२६ व्या अनुच्छेदाने प्रौढ मताधिकार दिला. तो देणारी संविधान सभा मात्र १९४६ मध्ये मर्यादित मताधिकारावर निवडलेल्या प्रांतिक विधानसभांनी निवडलेली होती. 'आम्ही भारताचे लोक' या शब्दांनी सुरू होणाऱ्या दस्तऐवजावर बहुसंख्य लोकांचे मत घेतले गेले नव्हते. ते पुढे १९५१-५२ च्या निवडणुकीत, त्या दस्तऐवजाने दिलेल्या अधिकारानेच, प्रथम नोंदविले गेले. करारापूर्वी करार करणारे लोक कोठून आले, या रूसोस पडलेल्या कोड्याचे हे एक वास्तव रूप होय.

त्या निवडणुकीच्या मतदारयाद्या तयार होत असताना एक अडचण उद्भवली. अनेक प्रांतांत, विशेषतः बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान व विंध्य प्रदेश या भागांत, असंख्य स्त्रियांची नोंद अमक्याची आई किंवा तमक्याची पत्नी अशी झाली होती. परक्या माणसास स्वतःचे नाव सांगण्याची रीत नव्हती. सुकुमार सेन यांच्या निवडणूक आयोगाने स्वतःच्या नावाशिवाय नोंद ग्राह्य धरता येणार नाही असा निर्णय घेतला, नावे मिळविण्यासाठी पुन्हा प्रयत्न केले आणि बिहारात त्यासाठी मुदतही वाढवून दिली. तरीही देशातील सुमारे ८ कोटी स्त्री मतदारांपैकी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मिळाली नाहीत, आणि त्यांच्या नोंदी यादीतून वगळण्यात आल्या.